छोट्या गेमिंग पीसीचा पॉवर सप्लाय कसा निवडायचा: मुंबईच्या घरासाठी, पायरीपायरीनं

दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल मांडून झालं की गेमिंगसाठी उरते ती टेबलाच्या कोपऱ्यातली हातभर जागा. म्हणून मुंबईत छोट्या कॅबिनेटची चौकशी वाढली आहे. नव्यानं पीसी असेंबल करणारे प्रोसेसरवर आठवडाभर विचार करतात, ग्राफिक्स कार्डवर महिनाभर, आणि पॉवर सप्लाय मात्र यादीच्या तळाशी, उरलेल्या पैशांत. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये हे कधीकधी खपून जातं. दहा-पंधरा लिटरच्या डब्यात खपत नाही, कारण तिथे जागा, उष्णता आणि वायर ही तिन्ही भांडणं एकाच वेळी सुरू असतात.

भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या या पॉवर सप्लायला दुकानात एसएमपीएस म्हणतात, गेमिंगवाली मुलं पीएसयू म्हणतात. इथे मी पीएसयूच म्हणतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘किती वॅट?’ हाच असतो, आणि खरं तर तोच सगळ्यात सोपा आहे. डबा, उकाडा आणि भिंतीतला सॉकेट हे अवघड.

पायरी १: आधी डबा मोजा

पीएसयूचे आकार ठरलेले आहेत. नेहमीचा एटीएक्स १५० मिलिमीटर रुंद, ८६ मिलिमीटर उंच आणि लांबीला १४० पासून पुढे कितीही. छोट्या कॅबिनेटसाठीचा एसएफएक्स १२५ रुंद, ६३.५ उंच आणि १०० लांब. एसएफएक्स-एल तसाच, फक्त ३० मिलिमीटरनं लांब. याहून बारीक फ्लेक्स एटीएक्स असतो, पण तो मूळचा छोट्या सर्व्हरसाठीचा. त्याचा इवलासा पंखा भार आला की शिट्टी वाजवतो. रात्री घरातले झोपलेले असताना खेळणार असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

एटीएक्सनं व्यापलेली जागा साधारण १.८ लिटर, एसएफएक्सची ०.८. फ्रॅक्टलचं टेरा हे कॅबिनेट १०.४ लिटरचं आहे. तिथे हा एक लिटरचा फरक म्हणजे अख्खा कूलर. कूलर मास्टरचं एनआर२०० सुमारे १८ लिटरचं, तरी तेही एसएफएक्ससाठीच बनवलेलं आहे. म्हणून कॅबिनेटच्या तपशीलपत्रात पीएसयूचा प्रकार आणि कमाल लांबी या दोन ओळी शोधा. लांबी पाहताना मॉड्युलर, म्हणजे पीएसयूपासून सुट्या होणाऱ्या, केबलच्या कनेक्टरलाही मागे दोन-तीन सेंटिमीटर लागतात, ते धरा. पीएसयू बसतो आणि केबल खुपसायला जागाच नाही, अशी कॅबिनेटं आहेत.

एसएफएक्स की एसएफएक्स-एल? एल प्रकारात १२० मिलिमीटरचा पंखा मावतो, साध्या एसएफएक्समध्ये बहुधा ९२ चा. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज कमी. माझं मत असं: बारा लिटरच्या आतल्या डब्यात साधा एसएफएक्सच घ्या, कारण तिथे ते तीन सेंटिमीटर केबल वळवायला लागतात. त्याहून मोठ्या डब्यात एल खुशाल घ्या.

आणखी एक. ‘छोटा पीसी’ म्हणजे मिनी आयटीएक्स, अर्थात अगदी लहान आकाराचा मदरबोर्डच असला पाहिजे असं काही नाही. पंचवीस-तीस लिटरचं मायक्रो एटीएक्स कॅबिनेट टेबलाखाली आरामात बसतं, त्याला नेहमीचा एटीएक्स पीएसयू चालतो, आणि तेवढ्याच वॅटचा एटीएक्स एसएफएक्सपेक्षा बराच स्वस्त पडतो. पीसी टेबलाखालीच राहणार असेल तर हा खर्च कशाला, हे स्वतःला एकदा विचारा. दर शनिवारी मित्राकडे उचलून न्यायचा असेल तर मात्र छोट्याला तोड नाही.

पायरी २: वॅटची बेरीज

कागदावर तीन आकडे लिहा.

पहिला ग्राफिक्स कार्डचा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो स्पष्ट दिलेला असतो. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ५०६० ला १४५, ५०६० टीआयला १८०, ५०७० ला २५०, ५०७० टीआयला ३००, ५०८० ला ३६०. एएमडीकडे आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं कार्ड १६० वॅट, ९०७० हे २२०, ९०७० एक्सटी ३०४. कार्ड बनवणाऱ्या ब्रँडनं कारखान्यातच ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर चालवलं असेल तर यात थोडी भर पडते.

दुसरा प्रोसेसरचा, आणि इथे नवखे हमखास फसतात. खोक्यावर लिहिलेला आकडा म्हणजे कमाल वापर नव्हे. रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट लिहिलंय, पण त्याला ८८ पर्यंत खेचायची मुभा आहे. रायझन ७ ७८००एक्स३डी वर १२०, मर्यादा १६२. इंटेलच्या कोअर आय५-१४६००के ची पायाभूत संख्या १२५, टर्बोत १८१. बेरजेत नेहमी हा वरचा आकडा घ्यायचा.

तिसरा उरलेल्या सगळ्याचा. मदरबोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, पंखे, असलाच तर लिक्विड कूलरचा पंप. पन्नास-साठ वॅट धरा, फार खोलात शिरू नका.

आता उदाहरणं. रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०६०: ८८ अधिक ११५ अधिक ५०, म्हणजे २५३. मधल्या बजेटचा ७८००एक्स३डी आणि आरटीएक्स ५०७०: १६२ अधिक २५० अधिक ६०, म्हणजे ४७२. हौशी माणसाचा १४६००के आणि आरटीएक्स ५०८०: १८१, ३६० आणि ६०, म्हणजे ६०१. ही सगळी वाईटात वाईट परिस्थितीची बेरीज झाली. खेळताना कार्ड पूर्ण ताकदीनं चालतं तेव्हा प्रोसेसर बहुधा आपल्या मर्यादेच्या बराच खाली असतो.

पायरी ३: वर किती ठेवायचं

कार्डाचा ‘२५० वॅट’ हा सरासरीचा आकडा असतो. मिलिसेकंदाहूनही लहान क्षणांसाठी ते त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आले तेव्हा चांगले, महागडे पीएसयूसुद्धा खेळ ऐन रंगात असताना पटकन बंद पडायचे. पीएसयू बिघडलेले नव्हते. उसळी पाहून त्यांच्यातली संरक्षणाची यंत्रणा वीज तोडत होती.

त्यावर इंटेलनं २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवं मानक काढलं. त्यात ४५० वॅटच्या वरच्या पीएसयूनं आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंदांपर्यंत न डगमगता झेलावी अशी अट आहे. पुढच्या वर्षी ३.१ आलं. आज नवा पीएसयू घेताय तर खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं असावं, एवढं नक्की पाहा. एसएफएक्स आकाराच्या पीएसयूवरही हेच लिहिलेलं असतं, गोंधळू नका. तिथे एटीएक्स हे मानकाचं नाव आहे, आकाराचं नव्हे.

माझा हिशेब साधा आहे. एटीएक्स ३ चा पीएसयू असेल तर बेरजेला १.३ नं गुणायचं. जुन्या मानकाचा असेल तर १.५ नं. पहिल्या उदाहरणात ३२९ येतात, म्हणजे चांगला ४५० चा पुरून उरतो. तरी एसएफएक्समध्ये ६५० आणि ७५० चे पर्याय जास्त मिळतात, भावात फार फरक नसेल तर ६५० घ्या, पुढे कार्ड बदलता येईल. दुसऱ्यात ६१४: इथे ६५० किमान, ७५० उत्तम. तिसऱ्यात ७८१: सरळ ८५०.

एनव्हिडिया स्वतः ४०६० साठी ५५०, ५०७० साठी ६५० आणि ५०८० साठी ८५० सांगते. या शिफारशी सैल हातानं केलेल्या असतात, कारण लोक कसले पीएसयू वापरतात याचा कंपनीला भरवसा नसतो. आपला आकडा त्याच्या आसपास आला की समजा गणित बरोबर आहे.

उलट दिशेचं वेडही असतं: ४०६० साठी हजार वॅट. पीसी नुसता यूट्यूब दाखवत असताना पन्नास-साठ वॅट खातो. हजारच्या पीएसयूसाठी तो पाच-सहा टक्के भार झाला, आणि इतक्या कमी भारावर कार्यक्षमता घसरते. पैसे गेले ते वेगळेच.

पायरी ४: पीएसयूच्या अंगावरचं लेबल वाचा

ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण खऱ्याखोट्याचा निवाडा इथेच होतो. पीएसयूच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ नं गुणा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. चांगल्या ४५० वॅटच्या पीएसयूवर तिथे ३७.५ अँपिअर असतात, म्हणजे सगळे ४५० वॅट १२ व्होल्टवर मिळतात. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या एखाद्या ४५० वाल्यावर १८ अँपिअर दिसतील, म्हणजे जेमतेम २१६ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर, जिथे आज कुणाला फारशी गरजच नाही. फ्लॅट बघायला गेल्यावर बिल्डर सुपर बिल्टअप सांगतो आणि आपण कार्पेट विचारतो, तसंच इथे १२ व्होल्टचं विचारायचं.

लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअरच लिहिलेले नसतील तर खोकं परत दुकानदाराच्या हातात द्या.

पायरी ५: ८० प्लसचं किती मनावर घ्यायचं

ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम हे शिक्के कार्यक्षमतेचे. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०, प्लॅटिनमला ९२. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तोच पीएसयू किंचित बरा चालतो.

वीजबिल वाचवायला गोल्ड घ्या असं कुणी सांगितलं तर हिशेब करून बघा. पीसीला ३०० वॅट हवेत, तर ब्राँझ भिंतीतून साधारण ३५३ घेईल आणि गोल्ड ३३३. फरक वीस वॅटचा. रोज चार तास खेळलात तर महिन्याला अडीच युनिटही होत नाहीत. त्यात वडापावची एक पार्टीसुद्धा निघणार नाही. गोल्ड घ्यायचा तो दुसऱ्या कारणासाठी: ते वीस वॅट डब्याच्या आत उष्णता म्हणून सांडतात, आणि छोट्या डब्यात तेच नको असतं. शिवाय चांगल्या एसएफएक्समध्ये बहुतेक सगळे गोल्डच्या पुढचेच असतात, त्यामुळे निवड आपोआप होते. प्लॅटिनमसाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी ते कूलरवर घाला.

हा शिक्का आवाजाबद्दल किंवा आतल्या सुट्या भागांबद्दल काही बोलत नाही. सायबेनेटिक्स ही संस्था कार्यक्षमतेसोबत आवाजाचीही श्रेणी देते. त्यांच्या यादीत आपलं मॉडेल सापडलं तर जरूर बघा.

पायरी ६: उकाडा

परदेशी परीक्षणं वाचून पीएसयू निवडणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी. ती परीक्षणं करणाऱ्यांच्या खोलीत वीस-बावीस अंश असतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बिनएसीच्या खोलीत ३३-३४ अंश सहज, वर दमटपणा. छोट्या डब्यात कार्डानं अडीचशे वॅट आणि प्रोसेसरनं सत्तर-ऐंशी ओतायला सुरुवात केली की पीएसयूच्या तोंडाशी येणारी हवा चाळिशी ओलांडते.

म्हणून तपशीलपत्रात एक ओळ शोधा: पूर्ण क्षमता किती अंश तापमानाला मोजली आहे. काही पीएसयूंवर ती ४० अंशांना असते, काहींवर ५०. स्वस्तातल्या काहींवर २५, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. छोट्या डब्यासाठी मुंबईत ५० अंशवाला शोधा. ४० वाला घ्यायचाच असेल तर वॅटची एक पायरी वर चढा, म्हणजे तो आपल्या क्षमतेच्या निम्म्या-पाऊण भागावरच राहील.

आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या भागांचं, आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. ‘१०५ अंशांचे जपानी कपॅसिटर’ अशी जाहिरात दिसते तिला यामुळे अर्थ आहे. ८५ अंशांचे कपॅसिटर बर्फाळ देशात चालून जातात, इथे नाही.

आता पंख्याची दिशा. कॅबिनेटच्या जाळीकडे पीएसयूचा पंखा तोंड करून बसेल अशी सोय असेल तर तसाच बसवा, म्हणजे तो बाहेरची ताजी हवा ओढेल आणि गरम हवा मागून टाकेल. काही छोट्या कॅबिनेटांत पीएसयू प्रोसेसरच्या शेजारीच असतो आणि त्याला आतलीच तापलेली हवा प्यावी लागते. तिथे वरची ५० अंशांची अट सोडू नका.

बऱ्याच पीएसयूंमध्ये कमी भारावर पंखा पूर्ण बंद ठेवायची सोय असते. शांत असतं, छान वाटतं, पण जून ते सप्टेंबर सोडला तरी आपल्याकडची हवा तशी दमटच. ही सोय बंद करायचं बटण असेल तर उन्हाळ्यात पंखा सतत फिरता ठेवा.

धूळ हा वेगळाच विषय. समोरच्या इमारतीचा पुनर्विकास चालू असेल, आणि मुंबईत कुणाच्या समोर चालू नाही, तर सिमेंटची ती बारीक पूड दमट हवेत जाळीवर चिकटून बसते आणि फुंकर मारून निघत नाही. वन आरकेत स्वयंपाकाचा ओटा जवळ असेल तर फोडणीचा तेलकट धूर तिच्यात मिसळतो. जाळी काढून पंधरा दिवसांनी ब्रशनं झाडा, अधूनमधून धुवा, पूर्ण सुकल्यावरच लावा. समुद्राला लागून राहत असाल तर खारी हवा धातूच्या पट्ट्या खाते, तेव्हा पीसी खिडकीच्या अगदी खाली ठेवू नका. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तर मुळीच नको.

पायरी ७: वायरी

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅट देतो, आठ पिनचा प्रत्येक कनेक्टर १५०, सहा पिनचा ७५. एनव्हिडियाच्या नव्या, जास्त ताकदीच्या कार्डांवर सोळा पिनचा एकच कनेक्टर असतो, तो ६०० पर्यंत जातो. त्याची पहिली आवृत्ती १२व्हीएचपीडब्ल्यूआर, सुधारलेली १२व्ही-२×६. कार्डाला तो लागत असेल तर पीएसयूमधूनच थेट तशी केबल निघणारा घ्या. दोन-तीन आठ पिनांना जोडणारं अडॅप्टर छोट्या डब्यात मुठीएवढी जागा खातं.

या सोळा पिनवाल्याचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या २०२२ च्या शेवटी गाजल्या. एनव्हिडियानं त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सांगितलं, की बहुतेक ठिकाणी कनेक्टर पूर्ण आत गेलेलाच नव्हता. तेव्हा टोकापर्यंत दाबा, फट उरली नाही ना ते टॉर्च मारून बघा, आणि कनेक्टरला लागून लगेच केबल मोडू नका. तीन-साडेतीन सेंटिमीटर सरळ जाऊ द्या, मग वळवा. कॅबिनेटची बाजूची पाटी त्या केबलला दाबत असेल तर ते कार्ड त्या कॅबिनेटसाठी नाही. हे खरेदीआधीच मोजायचं.

आठ पिनवाली कार्डं घेणाऱ्यांसाठी: एकाच केबलला दोन डोकी असतात, पण २२५-२५० वॅटच्या कार्डापासून पुढे दोन स्वतंत्र केबल वापरा. आणि प्रोसेसरची आठ पिनची केबल दिसायला कार्डाच्या आठ पिनसारखीच असते. ती आत जात नाही म्हणून जोर लावू नका, चुकीची आहे म्हणून जात नाही.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. मॉड्युलर पीएसयूच्या केबल एका ब्रँडच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत, कधीकधी त्याच ब्रँडच्या दुसऱ्या मॉडेललाही नाही. कार्डाकडच्या टोकाची रचना ठरलेली आहे, पीएसयूकडच्या टोकाची नाही. केबल बसते, पीसी चालू होतो आणि एसएसडी किंवा मदरबोर्ड जळतो.

एसएफएक्सच्या केबल मुद्दाम आखूड असतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये पट्टी लावून एसएफएक्स बसवता येतो, पण तेव्हा चोवीस पिनची केबल पुरेल का ते आधी दोरीनं मोजा.

पायरी ८: भिंत

लाईट बेस्टची असो, अदानीची, टाटाची की महावितरणची, सॉकेटमध्ये २३० व्होल्ट येतात. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून १३८० वॅटपर्यंत घेता येतात, म्हणजे ७५० च्या पीएसयूला तो पुरतो. पण काही पीएसयूंच्या खोक्यात १६ अँपिअरच्या जाड प्लगची केबल येते आणि ती फक्त गीझर-एसीच्या सॉकेटमध्ये जाते. त्यासाठी कन्व्हर्टर शोधत बसू नका. पीएसयूकडचं टोक नेहमीचंच असेल तर चांगल्या ब्रँडची, आयएसआय शिक्क्याची, ६ अँपिअर प्लगची केबल आणा. आणि भिंतीतल्या सॉकेटवर टीव्ही, राउटर, चार्जर यांची माळ लावलेला एक्स्टेंशन बोर्ड पीसीला देऊ नका.

जुन्या चाळीत, गिरगाव-दादर-लालबागच्या जुन्या इमारतीत, अर्थिंगची खात्री करा. तीन भोकांचा सॉकेट असला म्हणजे तिसऱ्या भोकामागे वायर असतेच असं नाही. अर्थिंग नसेल तर पीएसयूतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा विद्युतदाब चढतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. प्रवाह अगदी कमी असल्यानं तो सहसा इजा करत नाही, पण संरक्षण काहीच उरत नाही. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटरवर २३० च्या आसपास दिसायला हवेत. वायरमनला बोलावून तपासून घ्या, भाड्याचं घर असेल तर घरमालकाला सांगून करून घ्या. प्लगची मोठी पिन कापून टाकणारे महाभाग अजून आहेत. त्यांचं ऐकू नका.

यूपीएस घेणार असाल तर व्हीए नव्हे, वॅट वाचा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. वरच्या दुसऱ्या उदाहरणातला पीसी मॉनिटरसकट खेळताना त्याच्या वर जाईल, आणि नेमकी लाईट गेली की यूपीएस ओरडून बंद पडेल. तिथे ६०० वॅटच्या पुढचा हवा. यूपीएसला बॅटरीवर यायला साधारण दहा मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. एटीएक्स ३.१ चा पीएसयू ऐंशी टक्के भारावर १७ मिलिसेकंद तग धरतो. भार शंभर टक्क्यांवर गेला की ही फुरसत बाराच मिलिसेकंदांची उरते, म्हणून वॅटमध्ये थोडी ढील ठेवण्याचं हेही एक कारण. शक्य असेल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या. पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारे यूपीएस आधुनिक पीएसयूंना कधीकधी मानवत नाहीत.

मुंबईत लाईट जातेच कुठे, असं म्हणणाऱ्यांना १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. तसा दिवस विरळा, पण पावसात तुमच्या गल्लीतला केबल फॉल्ट विरळा नाही.

पायरी ९: खरेदी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत लॅमिंग्टन रोड गाठता येतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. रविवारी बहुतेक दुकानं बंद. एसएफएक्स पीएसयू सगळ्या दुकानांत मांडलेला नसतो, तेव्हा आधी फोन करून मॉडेल आहे का ते विचारा, नाहीतर ‘हा घ्या, तसाच आहे’ ऐकावं लागतं. ऑनलाइन दर पाहून जा, पण नुसत्या दरावर जाऊ नका.

दुकानात तीन गोष्टी पक्क्या करा. जीएसटीचं बिल आणि त्यावर पीएसयूचा सीरियल नंबर. वॉरंटी किती वर्षांची (चांगल्या एसएफएक्सवर सात ते दहा वर्षं असतात). आणि बिघडल्यास तो नेऊन द्यायचा कुठे, दुकानात की सर्व्हिस सेंटरला, आणि ते सेंटर मुंबईत आहे का. ‘चालून जाईल हो’ हे तांत्रिक उत्तर नव्हे. त्यानंतर लेबल दाखवा म्हणा.

अमेरिकेतल्या मावशीकडून मागवायचा विचार असेल तर वीज हा प्रश्न नाही, आजचे चांगले पीएसयू १०० ते २४० व्होल्टवर चालतात. प्रश्न वॉरंटीचा आहे, ती इथे मिळेल का हे कंपनीच्या भारतातल्या केंद्राला आधी विचारा. सेकंड हँड पीएसयू मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी असेल तरच.

पायरी १०: बसवणं आणि तपासणं

छोट्या डब्यात पीएसयू बसवल्यावर हात आत जात नाही, म्हणून लागणाऱ्या केबल आधीच त्याला जोडून मग तो आत सरकवा. त्याआधी सगळं सामान मदरबोर्डच्या खोक्यावर मांडून एकदा चालू करून बघा.

मग अर्धा तास ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरची पॉवर चाचणी लावा, शक्यतो दुपारच्या उकाड्यात. पीसी एकदम ठप्प होऊन बंद झाला तर संशय पीएसयूवर किंवा त्याच्या वायरींवर. नुसता गेम बंद पडून डेस्कटॉप आला तर आधी ड्रायव्हर आणि रॅम बघा. सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टचा आकडा ११.४ ते १२.६ मध्ये हवा, पण मदरबोर्डचा सेन्सर फारसा नेमका नसतो. शंका आली तर मल्टिमीटरवाल्याकडून मोजून घ्या.

सगळं नीट चाललं तरी एप्रिल-मेमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८०-८५ टक्क्यांवर आणून बघा. फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता आणि आवाज बराच उतरतो, पीएसयूचाही जीव हलका होतो. याला एक पैसा लागत नाही.

पीएसयू स्वतः उघडायचा नाही, धूळ काढायलासुद्धा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहू शकतात. उरलेल्या केबल एका पिशवीत घालून पिशवीवर पीएसयूचं मॉडेल मार्करनं लिहा, बिलाची झेरॉक्स त्यातच टाका आणि खोक्यासकट माळ्यावर ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्ष-दोन वर्षांत कोरं होतं, म्हणून झेरॉक्स.